रेसची जड मूठ आणि उजव्या मनगटाचे दुखणे

इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने मोटारसायकलच्या रेसविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु स्नेहमेळाव्याला येणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे पाहिले, की हा विषय किती जवळचा आहे ते ध्यानात येते. कोणी दुधाचे कॅन बांधून पहाटे तालुक्याला जातो, कोणी घरोघरी पार्सले पोहोचवितो, कोणी बचतगटाच्या हप्त्यांची वसुली करीत गावोगाव फिरतो, कोणी दूरच्या शाळेवर शिक्षक आहे. या सर्वांच्या दिवसाचे दोन-तीन तास दुचाकीवर जातात. त्यांच्याशी बोलताना एक तक्रार वारंवार ऐकू येते. उजवे मनगट भरून येते, बोटांना मुंग्या येतात, संध्याकाळी हातात लेखणी धरवत नाही. बहुतेक जण हे वयाचे किंवा रस्त्याचे दुखणे समजून सोसतात. पुष्कळदा मात्र या दुखण्यात रेसच्या जड झालेल्या मुठीचा मोठा वाटा असतो, आणि ती हलकी करण्याचा खर्च अत्यल्प असतो. तो कसा करावा, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

उजव्या हाताला विश्रांती का नाही?

मोटारसायकल चालविताना चारही अवयव कामात असतात. पण त्यांच्या वाट्याला आलेले काम सारखे नसते. डावा हात क्लच दाबतो आणि सोडतो. पाय गिअर बदलतात, ब्रेक दाबतात आणि पुन्हा विसावतात. उजव्या हाताला मात्र रेसची मूठ फिरवून त्याच जागी धरून ठेवावी लागते. मूठ सोडली की स्प्रिंग तिला मागे खेचते आणि गाडीचा वेग उतरतो. पन्नास किलोमीटरच्या प्रवासात हा हात जवळजवळ अखंड ताणलेला असतो.

स्नायू आकुंचन पावून पुन्हा सैल होतो, तेव्हा त्यातून रक्त खेळते आणि तो दमला तरी लवकर सावरतो. एकाच स्थितीत आवळून धरलेल्या स्नायूत रक्ताचा ओघ मंदावतो आणि थकवा लवकर येतो. पाण्याने भरलेली बादली उचलून चालणे जमते, पण तीच बादली हात लांब करून धरून उभे राहणे मिनिटभरातच असह्य होते. रेस धरून ठेवणे हे या दुसऱ्या प्रकारचे श्रम आहेत. त्यातच मूठ उघडताना मनगट मागच्या बाजूला वाकते. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडे आणि एक चिवट पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे मिटविणारे स्नायुबंध आणि मध्य मज्जातंतू जातात. मनगट वाकले की या बोगद्यातील दाब वाढतो. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना येणाऱ्या मुंग्यांचे मूळ बहुधा येथे असते. इंजिन आणि रस्ता यांची थरथर त्यात भर घालते. मूठ जितकी जड, तितकी ती अधिक आवळून धरावी लागते, आणि जितकी आवळावी तितकी थरथर हातात अधिक शिरते.

एका तारेची कहाणी

आरंभीच्या बऱ्याच मोटारसायकलींना आजच्यासारखी फिरती मूठ नव्हती. हँडलवरचा छोटा दांडा सरकवून इंजिनाचा वेग कमीजास्त केला जाई. दांडा असो वा मूठ, हाताची हालचाल इंजिनापर्यंत पोहोचविण्यासाठी जी युक्ती सर्वत्र रूढ झाली, तिला अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन यांचे नाव मिळाले. त्यांचे ब्रिटिश पेटंट १८९६ सालचे आहे. युक्ती साधी आहे. पोलादी तारांचा पीळ एका लवचिक पण न दबणाऱ्या नळीतून न्यायचा. नळीची दोन्ही टोके पक्की ठेवायची आणि आतली तार ओढायची. मग मार्ग वळणावळणाचा असला तरी एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकाला पोहोचते. सायकलचा ब्रेक, दुचाकीचा क्लच आणि रेस ही सर्व याच तत्त्वावर चालतात. मेकॅनिक बाहेरच्या नळीला ‘आउटर’ आणि आतल्या तारेला ‘इनर’ म्हणतात.

आपल्याकडे १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि चार-स्ट्रोक, कमी पेट्रोल पिणारी मोटारसायकल नोकरदार व कष्टकरी कुटुंबांच्या आवाक्यात येऊ लागली. तेव्हापासून २०२० पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत ही तार कार्ब्युरेटरला जोडलेली असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. पण रोजच्या वापराच्या गाड्यांत मुठीपासून निघणारी तार अजूनही तीच आहे. ती आता हवेची झडप उघडते, एवढाच फरक. काही महागड्या मोटारसायकली आणि विजेवरच्या स्कूटर यांत मात्र तारेऐवजी विद्युत संवेदक असतो; त्यांना पुढील उपायांपैकी केवळ मुठीचे आणि बसण्याचे उपाय लागू पडतात.

जडपणा कोठून येतो?

मूठ फिरविताना हाताला दोन गोष्टींशी झुंजावे लागते. पहिली म्हणजे परतीची स्प्रिंग. तिचा विरोध आवश्यक आहे. तीच रेस बंद करते. दुसरी गोष्ट म्हणजे घर्षण. त्याचा उपयोग काहीच नाही, आणि कालांतराने वाढते ते हेच. म्हणून आपला सारा प्रयत्न घर्षण घटविण्याचा असला पाहिजे. स्प्रिंगला हात लावायचा नाही.

वळणावरून ओढल्या जाणाऱ्या दोरीचे घर्षण कसे वाढते, याचा हिशेब लिओन्हार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने अठराव्या शतकातच मांडला होता. त्याचे सार असे, की घर्षण वळणांच्या एकूण कोनाबरोबर नुसते वाढत नाही, तर गुणाकाराने वाढते. समजा, कार्ब्युरेटरकडील स्प्रिंग १ किलो वजनाइतकी ओढ लावते आणि तारेच्या मार्गातील सर्व वळणांची बेरीज अर्ध्या वर्तुळाएवढी, म्हणजे १८० अंश आहे. तार स्वच्छ व ओलसर असून घर्षणाचा गुणांक ०.१ असेल, तर मुठीकडून सुमारे १.४ किलोची ओढ द्यावी लागेल. तीच तार कोरडी, धुळीने माखलेली असून गुणांक ०.३ झाला, तर ओढ सुमारे २.६ किलोवर जाईल. स्प्रिंग तीच, मार्ग तोच. हाताचे श्रम मात्र जवळजवळ दुप्पट.

या हिशेबाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मूठ सोडल्यावर स्प्रिंगला याच घर्षणातून तार परत खेचावी लागते. पहिल्या उदाहरणात १ किलोपैकी सुमारे ०.७ किलो ओढ मुठीपर्यंत पोहोचते. दुसऱ्यात जेमतेम ०.४ किलो. म्हणजे जी तार उघडताना जड, तीच मिटताना सुस्त. मनगटाचे दुखणे आणि रेस अडकून राहण्याचा धोका ही एकाच विकाराची दोन लक्षणे आहेत. म्हणूनच हा विषय निव्वळ सोयीचा नाही. समोर अचानक गुरे किंवा मूल आले असता रेस आपोआप मिटली पाहिजे. ती तशी मिटली नाही तर जिवावर बेतते.

परीक्षा: दोष नेमका कोठे?

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावावी, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा. मूठ पूर्ण फिरवावी आणि एकदम सोडावी. निरोगी मूठ ‘टक्’ असा आवाज करून जागेवर येते. हीच परीक्षा हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे वळवून आणि पूर्ण उजवीकडे वळवून, अशी तीनदा करावी. निष्कर्ष पुढीलप्रमाणे काढता येतो.

मूठ जड आहे पण सोडताच झटकन मिटते, तर घर्षण फारसे नाही. स्प्रिंगच मुळात कडक आहे. मूठ जड आहे आणि सावकाश मिटते किंवा मध्येच थांबते, तर घर्षण हाच दोष. एका बाजूला हँडल वळविल्यावरच मूठ जड होते, तर तारेचा मार्ग चुकीचा आहे किंवा ती कोठे तरी चेपली जात आहे.

घर्षण असल्याचे कळले तरी ते मुठीत आहे, तारेत आहे की इंजिनाकडील टोकाला, हे उरतेच. त्यासाठी तिन्ही भाग वेगळे करून तपासावेत. मुठीजवळच्या स्विचच्या डबीचे दोन स्क्रू सोडले की डबी उघडते आणि मुठीच्या चाकाच्या खाचेत बसलेली तारेची गोळी दिसते. तार सैल करून ती गोळी काढावी. आता नुसती मूठ फिरवून पाहावी. ती बोटाने फिरली पाहिजे. मग आउटर धरून इनर हाताने ओढावी. शेवटी कार्ब्युरेटरकडील किंवा हवेच्या झडपेकडील चाक बाहेरून दिसत असेल, तर ते बोटाने फिरवावे. जेथे हात अडखळतो तेथे दोष. हे न करता सरसकट तेल ओतत सुटणे म्हणजे ताप कशाचा आहे हे न पाहता औषध देणे होय.

उपाय पहिला: मूठ

तिन्हींत सर्वांत सोपा आणि अनेकदा पुरेसा ठरणारा उपाय हाच. रबरी मूठ नवी बसविताना ती आत किंवा बाहेर जास्त सरकविली, तर तिचे टोक स्विचच्या डबीला किंवा हँडलच्या टोकाच्या वजनाला घासते. दोन्ही बाजूंना एक-दोन मिलिमीटरची फट असावी. त्यानंतर मुठीची प्लॅस्टिकची नळी हँडलवरून काढून आतून पुसावी. पावसाळ्यानंतर तेथे चिखल आणि गंज हमखास सापडतो. हँडलचा दांडा बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून कोरड्या फडक्याने स्वच्छ करावा. तारेची गोळी जेथे बसते त्या खाचेत ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. रबरावर मात्र तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये. रबर खराब होते आणि मूठ हातातून निसटते.

उपाय दुसरा: तार

प्रथम वरच्या टोकाशी तारेचे धागे नीट पाहावेत. एखादा जरी धागा तुटून बाहेर आला असेल, तर तेल न घालता सरळ नवी तार टाकावी. तुटलेला धागा नळीत अडकून रेस उघडीच राहू शकते. आउटर कोठे चेपलेली, मोडलेली किंवा साल निघून गंजलेली असेल तरी हाच निर्णय घ्यावा. नवी तार त्याच मॉडेलची असावी; हँडल उंच बसविले असेल तर तेवढी लांब तार घ्यावी, नाही तर वळताना ती ताणली जाईल.

तार शाबूत पण कोरडी असेल, तर तेल देण्याची जुनी रीत उत्तम आहे. प्लॅस्टिकच्या लहान पिशवीचा कोपरा कापून तो आउटरच्या वरच्या टोकाभोवती दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने घट्ट बांधावा. या नरसाळ्यात पातळ मशीन ऑइलचे काही थेंब टाकावेत, इनर हळूहळू वरखाली करावी आणि तेल खालच्या टोकाशी पाझरेपर्यंत वाट पाहावी. प्रथम काळे, गढूळ तेल येईल. स्वच्छ तेल येऊ लागले की काम झाले. खालच्या टोकाशी फडके धरावे, म्हणजे तेल इंजिनावर पडणार नाही. ब्रेकच्या भागांवर ते कदापि पडू देऊ नये. तारेच्या नळीत ग्रीस भरू नये. ते धूळ धरते आणि थंडीत घट्ट होते. काही नव्या तारांच्या आत गुळगुळीत प्लॅस्टिकचे अस्तर असते आणि त्यांना तेल देऊ नये असे गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले असते; तेथे पुस्तिकेचेच ऐकावे.

तार पुन्हा बसविताना तिचा मार्ग पाहावा. टाकीखालून जाणारी तार कोठे दबलेली नाही ना, मोबाइल चार्जरच्या किंवा जादा दिव्यांच्या वायरींबरोबर प्लॅस्टिकच्या पट्टीने ती आवळलेली नाही ना, हे तपासावे. वळणे जितकी मोठी आणि कमी, तितकी तार हलकी. ऑयलरचा हिशेब येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो.

उपाय तिसरा: इंजिनाकडील टोक

कार्ब्युरेटरच्या जुन्या, साध्या प्रकारात तार थेट एक सरकता दट्ट्या वर उचलते. पेट्रोल वाळून साचलेला चिकटा किंवा झिजेमुळे पडलेले ओरखडे यांमुळे तो अडकतो. शिवाय इंजिन हवा ओढत असताना हा दट्ट्या भिंतीवर दाबला जातो. म्हणून काही गाड्या उभ्या असताना हलक्या, पण चालताना जड वाटतात. याची सफाई जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी. पेट्रोलचा नळ बंद करणे आणि जवळपास विडी-काडी न पेटविणे, या दोन गोष्टी गॅरेजमध्येही आवर्जून पाहाव्यात. इंधन फवारणीच्या गाड्यांत झडपेजवळचे स्क्रू फिरवू नयेत. त्यांची मांडणी कारखान्यात ठरलेली असते.

मोकळी चाल

सर्व जोडून झाल्यावर मुठीला थोडी मोकळी चाल ठेवावी लागते. म्हणजे मूठ किंचित फिरली तरी तार ताणली जाऊ नये. मुठीच्या कडेवर मोजल्यास ही चाल अनेक गाड्यांत २ ते ६ मिलिमीटर असते. नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. तारेवरील चेक नट सैल करून ॲडजस्टर फिरवावा, चाल मोजावी आणि नट पुन्हा घट्ट करावा. मग उघड्या जागेत, गाडी न्यूट्रलमध्ये आणि मेन स्टँडवर असताना इंजिन सुरू करावे आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. इंजिनाचा आवाज यत्किंचितही वाढता कामा नये. वाढला, तर तार ताणली जात आहे. तशी गाडी रस्त्यावर नेऊ नये.

सुधारणा झाली की नाही, हे मोजायचे असेल तर एक सोपा प्रयोग आहे. मुठीभोवती सुतळीचे दोन-तीन वेढे घालून तिचे टोक मुठीला चिकटपट्टीने पक्के करावे आणि दुसरे टोक सामान तोलण्याच्या लटकत्या काट्याला बांधून ओढावे. मूठ फिरू लागते तेव्हाचा आकडा कामापूर्वी आणि कामानंतर लिहून ठेवावा. विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांकडूनही हा प्रयोग करून घेता येईल.

जे करू नये

स्प्रिंग कापणे, ताणून ढिली करणे किंवा नरम स्प्रिंग टाकणे, हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये. हाताचे श्रम वाचतील, पण रेस मिटण्याची खात्री जाईल. रबर बँड किंवा दोरी गुंडाळून मूठ एका जागी बांधून ठेवणे हेही तितकेच घातक. तळहाताने दाबता यावी म्हणून मुठीवर बसविण्याची प्लॅस्टिकची पट्टी बाजारात मिळते. मोकळ्या महामार्गावर तिचा उपयोग होतो. पण गर्दीत ब्रेककडे हात जाताना ती चुकून दाबली जाऊन गाडी पुढे उसळू शकते. शहरात ती फिरवून बाजूला करावी.

चालत्या गाडीची रेस अडकलीच, तर गोंधळून न जाता क्लच दाबावा, इंजिन बंद करण्याचे बटण दाबावे आणि ब्रेक लावीत कडेला यावे. बटण नसेल तर चावी केवळ ‘बंद’पर्यंत फिरवावी, हँडल लॉक होण्याच्या दिशेने नेऊ नये. ही कृती घरातील प्रत्येक चालकाला ठाऊक असावी.

हाताची काळजी

मूठ हलकी झाली तरी धरण्याची रीत चुकली तर दुखणे राहते. मूठ मुसळासारखी आवळू नये. पाखरू हातात घ्यावे तेवढीच पकड पुरते. कोपर किंचित वाकलेले आणि सैल असावे. शरीराचा भार तळहातावर न टाकता मांड्यांनी टाकी हलकेच धरावी. मोकळ्या रस्त्यावर एकसारखा वेग आल्यावर पकड क्षणभर ढिली करून अशी पुन्हा धरावी, की मनगट हाताच्या रेषेत सरळ येईल. फार बारीक किंवा गुळगुळीत झालेली मूठ बदलावी. पण लहान हाताच्या व्यक्तींनी, विशेषतः आपल्या लेकी-सुनांनी, जाडजूड मूठ घेऊ नये, कारण तीही बोटांना थकविते. तासाभराने थांबून मुठी उघडमीट कराव्यात.

एवढे करूनही रात्री बोटांच्या मुंग्यांनी झोपमोड होत असेल, वस्तू हातातून निसटत असतील किंवा करंगळी बधिर राहत असेल, तर मेकॅनिक नव्हे, डॉक्टर गाठावा. मज्जातंतूवरचा दाब वेळीच ओळखला तर उपचार सोपा असतो. दुर्लक्ष केल्यास अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू रोडावू शकतात.

ज्यांची भाकरी या हातावर अवलंबून आहे, त्यांनी हाताचे दुखणे नशिबाच्या खाती टाकू नये. दुखण्याला कारण असते, कारण शोधता येते आणि पुष्कळदा ते दूरही करता येते. यंदाचा पावसाळा सरला की एका रविवारी सकाळी अर्धा तास काढावा आणि वर सांगितलेल्या तीन परीक्षा आपल्या गाडीवर कराव्यात. घरातील शाळकरी मुलामुलींना शेजारी बसवून कराव्यात, म्हणजे पुढची पिढी ही तक्रार सोसत बसणार नाही.